राखीव चाळीस टन

गोदीत मला सगळे तराजूबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या भिंती पातळ होत्या आणि माझे कान तिखट आहेत. आराखडा विभागाच्या टोकाला जिन्याखाली माझी खोली होती आणि माझं काम एकच होतं: जहाजावर जे जे चढेल त्याचं वजन लिहायचं. पत्रा, पाइप, केबल, रंग, स्वयंपाकघरातली पातेली. नुसतं किती जड ते नाही, किती उंचावर तेही. तळाशी ठेवलेला टन जहाजाला सावरतो, माथ्यावर ठेवलेला टन त्याला कलंडवायला बघतो. एवढं कळलं की माझं सगळं शास्त्र कळलं. बाकीचा वेळ भांडण्यात जायचा, कारण आपल्या वस्तूचं खरं वजन आपणहून सांगणारा माणूस मला तेहतीस वर्षांत भेटला नाही.

माणसांचंही वजन लिहावं लागतं. खलाशी असो की कप्तान, सामानासकट माणशी पंच्याण्णव किलो धरायचे, असा नियम आहे. माझ्या धाकट्या भावाला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता.

"मी भरतो बहात्तर. वरचे तेवीस किलो काय, माझी अक्कल?"

"तेवढी अक्कल असती तर नौदलात गेला असतास का?" मी म्हटलं.

धाकटा माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याचं दप्तर, त्याचा ताप, त्याच्या परीक्षा, सगळं माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ते गळ्यातून कधी काढलंच नाही. लग्न केलं नाही याचं कारण लोक त्याला समजत. कारण तो नव्हता, माझी जीभ होती; पण मी लोकांना समजू दिलं. मोठा होऊन तो नौदलात तोफांचा अधिकारी झाला. मी जहाजं बांधणाऱ्यांतली आणि तो ती लढवणाऱ्यांतला, त्यामुळे घरात भांडणाला विषय शोधावा लागत नसे.

तो किनाऱ्यावर असला की रविवारी दुपारी तो आणि भावजय माझ्याकडे जेवायला येत. भावजय दातांची डॉक्टर. आमचं सुरू झालं की ती पाणी पीत पीत ऐकायची आणि म्हणायची, "माझे पेशंट तोंड उघडायला घाबरतात आणि तुम्ही दोघं मिटायला."

ज्या वर्षी गोदीला नव्या फ्रिगेटचं, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं, काम मिळालं, त्या वर्षापासून आमचं भांडण एकाच विषयावर आलं आणि पाच वर्षं तिथून हललं नाही.

जहाज दिसायला देखणं होतं. सव्वाशे मीटर लांब, राखाडी, पुढे एक तोफ, मागे हेलिकॉप्टर. आणि तोफेच्या मागे डेकवर एक रिकामा चौकोन. नकाशात तो तुटक रेषांनी काढलेला होता आणि आत एकच शब्द लिहिलेला होता: राखीव. तिथे पुढेमागे सोळा क्षेपणास्त्रं बसायची होती, जहाजावर चालून येणारं हवेतच पाडणारी. ती आत्ता परवडत नव्हती, म्हणून आमच्या साहेबांनी, म्हणजे मुख्य आराखडाकारांनी, तोड काढली होती. आज जागा ठेवू, उद्या शस्त्र बसवू, तीन महिन्यांचं काम. त्या उद्यासाठी माझ्या नोंदवहीत मी चाळीस टन बाजूला काढून ठेवले.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," धाकटा म्हणाला.

"समुद्रावर काय रोज लढाई असते?" मी म्हटलं. "चोरटा माल पकडायचा, बुडणाऱ्याला वर काढायचं, कुठे नुसतं जाऊन उभं राहायचं. त्याला सोळा क्षेपणास्त्रं लागतात? दोन भारी जहाजांच्या जागी पाच हलकी घेतली तर पाच ठिकाणी दिसतील तरी."

"दिसतील ना, तेच तर! तेवढ्याच कामाला हवं असेल तर जहाज तटरक्षकांसारखं पांढरं रंगवा, ताई. पांढऱ्यावर सहसा कुणी गोळी झाडत नाही. राखाडी रंगवलंत की समोरचा विचारत बसत नाही, तुझ्या पोटात काय आहे म्हणून."

"पोटात जागा ठेवली आहे."

"भिंतीला खुंटी आहे म्हणून थंडी वाजायची थांबते का? वर कोट हवा ना! उद्या गरज पडली की तुम्ही धावणार. तहान लागल्यावर विहीर खणायची."

मी हार मानत नसे. माझ्या म्हणण्यात दमही होता. जहाज बांधलंच नाही तर शस्त्र बसवणार कशावर? आणि गोदीत तीन हजार माणसं होती. दोन वर्षं काम नसताना त्यातली निम्मी फाटकाबाहेर उभी राहिलेली मी पाहिली होती. वेल्डिंगचा हात सहा महिन्यांत विसरतो, आणि विसरलेला हात पैसे टाकून परत येत नाही. हे सगळं मी त्याला ऐकवत असे आणि ते सगळं खरंच होतं.

आता माझ्या चुकीचं सांगते. ती दुसऱ्या कुठल्या धंद्यात झालीच नसती.

जहाज बांधताना प्रत्येक वस्तू ठरल्यापेक्षा जड निघते. मग त्या त्या विभागाचा माणूस चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतो: एवढं वजन वाढलं, कुठून तरी द्या. इंजिनवाले आपल्या वजनावर नागासारखे बसून असतात, त्यांच्याकडून किलोभर सुटत नाही. केबलवाले तसेच. पण राखीव चाळीस टनांवर कुणीच बसलेलं नव्हतं. क्षेपणास्त्रं अजून यायची होती, त्यांचा विभाग नव्हता, त्यांच्या वतीने माझ्या टेबलावर मूठ आपटणारं कुणी नव्हतं. ज्याला कुणी वाली नाही त्याच्या ताटातलं सगळेच उचलतात.

आधी धुलाईखान्याची यंत्रं आली, अर्धा टन जास्त. मग आग थोपवणारे दरवाजे, तीन टन. संगणकांना थंड ठेवणारी यंत्रणा, पाच. हेलिकॉप्टरच्या खोलीचं मोठं दार, एकट्याचे सहा. खलाशांच्या खोल्यांना आवाज अडवणारं अस्तर. त्यातली एकही मागणी खोटी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. खलाशांनी ओले कपडे घालावेत, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? प्रत्येक चिठ्ठीवर मी लिहीत गेले, 'राखीवातून', आणि खाली सही. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. ते आटतंही तसंच. जहाज पाण्यात सोडायला चार महिने राहिले तेव्हा मी बेरीज केली. दोनशे बारा चिठ्ठ्या, एकतीस टन. चाळीसातले नऊ उरले होते.

मी टिपण लिहून साहेबांकडे नेलं. दोनच ओळी होत्या: राखीव वजन संपत आलं आहे, आता त्या जागी शस्त्र बसवता येणार नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, हे आज वर पाठवलं तर जहाज अडकेल. हे अडकलं तर पुढची तीन आपल्याला मिळत नाहीत. आणि ती मिळाली नाहीत तर खाली किती माणसं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मग काय करायचं?"

"शस्त्र मागतंय कोण? मागितलं की बघू." त्यांनी टिपण खणात ठेवलं आणि खण हळूच लोटला.

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्या टिपणाची दुसरी प्रत माझ्याकडे होती, आणि ती थेट नौदलाकडे पाठवायला एक पाकीट पुरलं असतं. मी ते केलं नाही. साहेबांनी खण लोटला आणि मी कानाडोळा केला, बस.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी, धाकटा हातात कागद घेऊन आला. त्याला दोन जहाजांतून निवड करायची होती. एक जुनं, गंजकं, पण शस्त्रांनी भरलेलं. दुसरं आमचं नवं, तोफांचा प्रमुख म्हणून. त्या दिवशी तो खुर्चीत नीट सरळ बसला होता, म्हणून मला कळलं की हे भांडण नाही.

"ताई, मस्करी बाजूला ठेव. ती सोळा खरंच बसतील ना तिथे? तुझा साहेब काय म्हणतो ते नको सांगूस. तू सांग."

मी तेव्हा का खोटं बोलले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तीन हजार माणसं आठवली, हे खरं. कुणी कधी शस्त्र मागणारच नाही असं वाटलं, हेही खरं. पण त्याहून लाजिरवाणं एक कारण आहे. पाच वर्षं भांडून तो पहिल्यांदा माझं मत विचारत होता, आणि मला जिंकायचं होतं.

"बसतील," मी म्हटलं.

त्यानं लगेच कागदावर खूण केली. "तराजू खोटं बोलत नाही."

"मग हरलास म्हण की," भावजय म्हणाली.

त्यानं दोन्ही हात वर केले. "हरलो, बाई, हरलो!" आणि मी हसले. त्या दिवसातलं बाकी काही मला छळत नाही, ते हसणं छळतं.

धाकट्याची त्या जहाजावरची पहिली दोन वर्षं चांगली गेली. त्यांनी चोरट्या मालाच्या नावा पकडल्या. वादळात उलटलेल्या बोटीवरून एक्केचाळीस माणसं काढली. घोंगड्यांत गुंडाळलेल्या त्या माणसांचा फोटो धाकट्यानं मला पाठवला, खाली लिहिलं होतं: 'तुझ्या बाजूनं एक्केचाळीस मतं.' तो आता मित्रांमध्ये आमच्या जहाजाची बाजू घेऊन भांडायचा. त्याच्या हाताखालचे लोक जुन्या जहाजांवरून बदली मागून आले, ते त्याच्या शब्दावर. मलाही हळूहळू वाटायला लागलं की मी खोटं बोललेच नव्हते, जरा घाईनं खरं बोलले होते.

मग दूरच्या एका सामुद्रधुनीत दोन देश एकमेकांवर उठले. धान्यानं भरलेली जहाजं मध्ये अडकली, आणि त्यांना सोबत करून बाहेर काढायला आमचं जहाज जाणार असं ठरलं. नौदलानं गोदीला कळवलं: राखीव जागेत शस्त्र बसवा, तीन महिने देतो. जहाज आमच्या धक्क्याला येऊन लागलं. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा तो खण उघडा होता आणि ते टिपण टेबलावर होतं.

शस्त्र चढवण्याआधी जहाजाची कल-परीक्षा घ्यावीच लागते. वारा नाही अशी सकाळ बघायची, दोर सैल सोडायचे. शस्त्राच्या वजनाचे लोखंडी ठोकळे त्या जागी रचायचे आणि मग आणखी काही ठोकळे डेकवर या बाजूनं त्या बाजूला सरकवायचे. खाली पोटात एक लांब तार टांगलेली असते, तिच्या टोकाला ओळंबा, ओळंबा पाण्याच्या पन्हळीत बुडवलेला, म्हणजे उगाच झुलत नाही. मागे पट्टी. वर ठोकळे सरकले की जहाज कलतं आणि तार पट्टीवर सरकते. जितकी जास्त सरकेल तितकी जहाजाची पुन्हा उभं राहायची ताकद कमी. लाल खुणेच्या आत राहिली तर ठीक.

धाकटा खाली आला होता. शस्त्र त्याचं, त्यामुळे त्याला हजर राहायचा हक्क होता. वरून शिट्टी आली, ठोकळे सरकले. तार हळूहळू चालत निघाली, लाल खुणेपाशी आली, थांबेल असं वाटलं, आणि दोन बोटं पुढे जाऊन थांबली. पन्हळीतलं पाणी तेवढं हलत होतं.

त्यानं तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाळकरी असताना माझ्या शेजारी बसून माझ्या नोंदवह्यांतल्या बेरजा तपासलेला तो. त्याला वाचायला कुणी शिकवावं लागलं नाही.

"वही दे," तो म्हणाला.

मी दिली. उभ्या उभ्याच तो पानं उलटत राहिला. राखीवातून, राखीवातून, आणि खाली माझी सही. शेवटच्या पानावरच्या तारखेवर त्यानं बोट ठेवलं.

"हे सगळं मी तुला विचारलं त्याच्या आधीचं आहे."

"हो."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, तेवढं मला जमतं.

"तू खरं सांगितलं असतंस तरी मी कदाचित हेच जहाज घेतलं असतं," तो हळू म्हणाला. "पण भांडून घेतलं असतं. वर जाऊन टेबल फोडलं असतं. माझ्या पोरांना खरं सांगून आणलं असतं. तू मला भांडूच दिलं नाहीस, ताई."

"रजा टाक," मी म्हटलं. "आजारी पड. काहीही कर, पण जाऊ नकोस."

"पस्तीस जण माझ्या शब्दावर या जहाजावर आलेत आणि मी तुझ्या. आता कोण कुणाला घरी पाठवणार?"

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली आणि शिडी चढून वर गेला.

जहाज जायचं ते गेलंच. धान्य अडकलं होतं, शब्द दिला होता, दुसरं मोकळं जहाज नव्हतं. खांद्यावरून डागायची काही लहान क्षेपणास्त्रं दिली, ती कठड्यापाशी पेट्यांत बांधून ठेवली. निघायच्या आधीच्या रविवारी तो नेहमीसारखा जेवायला आला. एका शब्दानं भांडला नाही. जेवण छान झालंय म्हणाला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, माझा गळका नळ दुरुस्त केला. तो माझ्याशी इतका नीट वागला की मी ताटातला भात नुसता चिवडत राहिले. भावजय आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आज दोघांच्या दाढा काढल्यात का मी?" तिनं विचारलं.

अकरा दिवसांत त्यांनी बारा मालवाहू जहाजं बाहेर काढली. बाराव्या दिवशी किनाऱ्यावरून त्यांच्यावर चार क्षेपणास्त्रं आली. धाकट्याच्या तोफेनं दोन पाडली. एक आपणच समुद्रात पडलं. चौथं हेलिकॉप्टरच्या खोलीच्या दारातून आत शिरलं. सहा टनांचं दार. त्याच्या चिठ्ठीचा नंबरही मला पाठ आहे. आतल्या नियंत्रण कक्षात धाकटा होता, त्याच्यासोबत अठरा जण होते.

भावजयीला दवाखान्यात बातमी कळली. टोप्या काखेत धरून दोन अधिकारी आले, तेव्हा तिच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. त्याच्या दातात तिनं आधी सिमेंट भरलं, अर्धवट सोडता येत नाही म्हणून, आणि मग हात धुतले.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, खण, तो रविवार. सांगताना रडले नाही, कारण रडण्याचा हक्क तिचा होता, माझा नव्हता. तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

"मला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "काहीतरी तांत्रिक अडचण आहे, एवढंच म्हणाला."

म्हणजे शेवटपर्यंत त्यानं मला पाठीशी घातलं होतं.

"मला क्षमा कर, असं मी म्हणणार नाही," मी म्हटलं.

"नकाच म्हणू." तिनं पुढचा शर्ट घेतला. "ताई, ती चौकशी समिती बसणार आहे ना, अशी जहाजं बांधायची की नाही ते ठरवायला? तिथे हे सांगा. मला एकटीला सांगून मोकळ्या होऊ नका. तिथे सांगितलंत तर मी रविवारी येईन. नाहीतर आपला संबंध संपला."

माझं म्हणायला जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

समितीच्या दालनात टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडली होती आणि प्रत्येकापुढे माइक होता. सकाळभर वाद झाला. एक निवृत्त नौदल प्रमुख म्हणाले, ही तरंगती शवपेटी आहे. एक प्राध्यापक म्हणाले, सोळा क्षेपणास्त्रं असती तरी ते चौथं अडवता आलं असतं याची खात्री कोण देणार? ते बरोबर होतं, खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. साहेब उठले. बारा जहाजं आणि त्यांवरची अडीचशे माणसं सुखरूप बाहेर आली, ती याच फ्रिगेटमुळे, ते म्हणाले. जे जहाज बांधलंच नाही त्यानं कुणालाही वाचवलं नसतं. हेही बरोबर होतं. माझीच सगळी वाक्यं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. भावजय मागच्या रांगेत बसली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी वही माइकजवळ ठेवली आणि चिठ्ठ्यांचं सगळं वाचलं. साहेब खाली बघत होते. त्यांच्या खणाचंही मी सांगितलं. आणि माझ्याकडे दुसरी प्रत होती, हेही.

"या चिठ्ठ्यांवर सह्या कुणाच्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या. दोनशे बारा."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही. आणि तिथल्या तोफांच्या प्रमुखानं मला सरळ विचारलं होतं, बसतील का. मी बसतील म्हटलं. तो माझा भाऊ होता."

दालनात खुर्च्या करकरल्या. अध्यक्षबाईंनी माइक जवळ ओढला.

"तुम्ही तेहतीस वर्षं या कामात आहात. एका वाक्यात सांगा. अशी जहाजं बांधावीत की नाही?"

"पांढरी रंगवून बांधा, नाहीतर शस्त्रं घालून बांधा," मी म्हटलं. "राखाडी रंग लावून आत रिकामी जागा ठेवू नका. आणि ठेवलीत तर ज्यांना त्यावर पाठवाल त्यांना सांगा, ती रिकामी आहे. हे माझं नाही. पाच वर्षं दर रविवारी माझा भाऊ मला हे सांगत होता आणि मी वाद घालत होते."

समितीचा निकाल दोन महिन्यांनी आला. तीन जहाजं बांधायची, त्याच नकाशावर, तुटक रेषांच्या चौकोनासकट. फक्त एक कलम नवं होतं: राखीव वजनाला हात लावण्यास मनाई. गोदीत त्या दिवशी लोक नाचले. मी त्यांच्यावर रागावले नाही, त्यांच्या घरी चुली होत्या. साहेबांनी राजीनामा दिला. माझी निवृत्ती तीन महिन्यांवर होती, तेवढे दिवस मला ठेवलं, कारण ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती.

भावजय चार रविवार आली नाही. पाचव्या रविवारी दार वाजलं. तिनं चपला काढल्या, आत जाऊन ताटं घेतली आणि दोनच मांडली.

माझं शेवटचं काम म्हणजे तेच जहाज. दुसऱ्या बोटी लावून ओढत आणलेलं, मध्यापासून मागपर्यंत काळं. दुरुस्तीसाठी नवी वजनं काढायची होती, म्हणजे जे जे जळून गेलं ते वजा करायचं. हेलिकॉप्टरच्या खोलीचं दार, सहा. थंडाव्याची यंत्रणा, पाच. धुलाईखाना, अस्तर, आग थोपवणारे तीन टनांचे दरवाजे. दोनशे बारा चिठ्ठ्यांनी नेलेलं जवळजवळ सगळं आगीनं परत आणून दिलं होतं. माणसांच्या ओळीपाशी माझा हात थांबला. पण ती ओळ बदलायची नसते. गेलेल्यांच्या जागी नवे येतात, वजन तेवढंच धरायचं. मी ती तशीच ठेवली आणि खाली बेरीज केली.

जुन्या साहेबांच्या खुर्चीत आता एक तरुण, नम्र माणूस आला होता. तो स्वतः जिन्याखाली आला.

"बाई, दुरुस्तीत हलकं सामान वापरलं तर राखीवात किती राहतं?"

"एक्केचाळीस टन."

"म्हणजे ती सोळा बसतील आता?"

मी वही पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासली. तो दारात थांबून राहिला.

"बसतील," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

रविवारी मी हे भावजयीला सांगितलं. ती वाढत होती, तिचा हात तसाच राहिला.

"माणसांची ओळ तशीच ठेवलीत?"

"तशीच ठेवावी लागते."

"मग त्याला किती धरलंय त्यात?"

"पंच्याण्णव."

"बहात्तर भरायचा," ती म्हणाली आणि माझ्या ताटात वाढलं.